तीन काळ्या गाठी

तपासणीच्या अर्जात चौदावा प्रश्न होता : अंगावर कुठे गोंदण किंवा टॅटू आहे का?

हणमंतराव खराडे चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन फोनवर बायकोचा अर्ज भरत होते. बेचाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला असल्या प्रश्नाचं उत्तर कुणाला विचारावं लागत नाही. "न्हाई," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी खूण केली आणि ते पंधराव्या प्रश्नाला लागले. शेजारी बसलेल्या वैजयंताबाईंनी ते ऐकलं आणि त्या गप्प राहिल्या. आपण खोटं काही बोललो नाही, खरं बोलायची वेळ फक्त टळू दिली, असं त्यांनी मनाशी घोळवलं. हनुवटीवर काही नव्हतं, हातावर काही नव्हतं, आणि डाव्या पोटरीवर जे होतं ते तर कधीच जळून गेलं होतं.

वैजयंताबाई म्हणजे पंचक्रोशीत 'खो-खोच्या बाई'. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रोज सकाळी मैदानावर हजर, आणि तेसुद्धा अनवाणी. मुलींनी बूट घातले तर चालायचे. स्वतःच्या पायाला मात्र माती लागल्याशिवाय पळणं हे त्यांना पळणं वाटायचंच नाही. त्यामुळे डाव्या टाचेपाशी काळा ठिपका दिसला तेव्हा कुणालाच त्याचं विशेष वाटलं नाही. हणमंतराव म्हणाले, काटा मोडलाय. शेजारीण म्हणाली, कुरूप आहे, रुईचा चीक लावा. बाई स्वतः म्हणाल्या, खांबाला पाय घासला असेल, रक्त साकळलंय. सहा महिने तिघंही आपापल्या म्हणण्यावर ठाम राहिली आणि ठिपका वाढत वाढत चिंचोक्याएवढा झाला. मग घरोघर तपासणीला आलेल्या एका मुलीनं तळव्याचा फोटो काढून पाठवला, आणि संध्याकाळच्या आत तालुक्याच्या कर्करोग केंद्रातून बोलावणं आलं.

रोगाचं नाव मेलेनोमा. त्वचेच्या कर्करोगांतला हा फार वाईट खोडीचा. आपल्याकडच्या माणसांना तो झालाच तर बरेचदा ऊनसुद्धा न लागणाऱ्या तळपायावर होतो, आणि तळपाय कोण निरखून बघतो? म्हणून तो उशिरा कळतो.

"पण तुमचा पातळ आहे, बाई," डॉ. ओजस्वी बिराजदार म्हणाल्या. तिशीतल्या या डॉक्टरीणबाई कोडं सांगावं तशा आजार समजावून सांगायच्या. "एक मिलिमीटरसुद्धा खोल गेलेला नाही. कापून काढला की काम झालं. फक्त तिथून तो पुढे सटकलाय का, एवढं बघू. पायातून निघालेल्या बारीक नळ्या जांघेतल्या गाठींकडे जातात. कर्करोगाची पेशी सुटली तर आधी तिथे अडकते. वाटेवरची पहिली गाठ म्हणजे पहारेकरी. ती स्वच्छ असेल तर बहुतेक पुढचं सगळं स्वच्छ."

"आन् ह्यो पहारेकरी हुडकायचा कसा?" हणमंतरावांनी विचारलं. पन्नास वर्षं गाड्या खोलून बसवण्यात गेलेली. कुठल्याही गोष्टीतला नेमका बिघाड कसा सापडतो हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"पूर्वी किरणं सोडणारं औषध टोचायचे. त्याचा जोर दर सहा तासांनी निम्मा व्हायचा, त्यामुळे ते इथवर टिकायचं नाही, मोठ्या शहरातच जावं लागायचं. मग गाठ कापून काढायची आणि तपासायची. आता आमच्याकडे कानोसा आहे."

यंत्राचं कंपनीनं ठेवलेलं नाव कुणाच्या जिभेवर बसत नव्हतं, म्हणून केंद्रातल्या परिचारिकांनी त्याला 'कानोसा' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव दारावरच्या पाटीवरही आलं. ते काम करायचं ते असं. काळं कापड उन्हात लवकर तापतं. तसंच शरीरात प्रकाशाची अगदी क्षणभराची चमक सोडली, की आतला रंगीत पदार्थ किंचित तापतो, किंचित फुगतो, आणि त्या फुगण्याचा एक नाजूक आवाज होतो. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही, यंत्राला येतो. वेगवेगळ्या रंगांच्या चमका एकामागून एक सोडल्या, की कुठल्या चमकेला कोण किती जोरात ओ देतं, यावरून आत काय आहे ते ओळखता येतं. रक्ताची ओ वेगळी, गाठीची वाट दाखवायला पायात टोचलेल्या हिरव्या रंगाची वेगळी, आणि मेलेनोमाच्या पेशीत भरलेल्या काळ्या मेलेनिनची वेगळी. किरणोत्सर्ग नाही, कापाकापी नाही, अर्ध्या तासात निकाल.

बाईंना टेबलावर आधी पालथं झोपवून डॉक्टरांनी पायाला थंडगार जेल लावलं आणि त्यांचा हात पोटरीवर थांबला. तिथे तळहाताएवढा काळपट, सुरकुतलेला व्रण होता.

"हे काय झालं होतं?"

"सायलेन्सर भाजला," बाई सवयीनं म्हणाल्या.

"सायलेन्सर म्हणजे?"

हणमंतरावांना हसूच आलं. बॅटरीच्या गाड्यांत वाढलेल्या पोरीला सायलेन्सर कुठून माहीत असणार! ते खुर्ची ओढून पुढे आले. "पेट्रोलच्या गाडीला धूर सोडायची नळी असायची, डॉक्टरीणबाई. हात लावला तर कातडी चिकटायची. लगीन झाल्यावर जेजुरीला निघालो, नवीनच गाडी माझी. वाटंत उतरताना हिचा पाय लागला. चूक माझीच म्हणायची. नव्या नवरीला जपून उतरवायला नको?"

ही गोष्ट त्यांनी बारशात, लग्नात, पंगतीत शंभर वेळा तरी सांगितली असेल. दरवेळी ती थोडी वाढायची आणि दरवेळी वैजयंताबाई खाली मान घालून ऐकायच्या. कारण सायलेन्सर तिथे कधी लागलाच नव्हता.

खरी हकिकत फार लहान होती. वीस वर्षांची वैजयंता गावच्या जत्रेत बॅटरीवरच्या यंत्रानं गोंदून देणाऱ्या माणसापुढे बसली आणि मैदानावर फक्कीनं रेषा आखायला येणाऱ्या एका पोराचं नाव तिनं पोटरीवर घालून घेतलं. त्याचं आडनाव घरात चालणारं नव्हतं. गोंदलं तेही पुरतं नाव नव्हे. दोन अक्षरं झाली आणि तिसऱ्याला कळ सोसेना म्हणून ती उठून पळाली. आठ दिवसांनी आईनं ते पाहिलं. आई ओरडली नाही, रडली नाही. तिनं बिब्बा तापवला आणि त्याचं तेल त्या दोन अक्षरांवर सोडलं. वीस दिवसांत लग्न लावून दिलं. जेजुरीच्या वाटेवर गाडीवरून उतरताना ओल्या जखमेला लुगडं घासलं, ती "आई गं" म्हणून ओरडली, आणि घरी परतल्यावर सासूनं विचारलं तेव्हा घाबरून तोंडातून निघून गेलं, "सायलेन्सर." शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्यानं लगेच मान डोलावली, "व्हय, माझ्याच गाडीचा." तेव्हापासून त्याचा तसाच समज झाला, असं बाईंनी धरून चाललं होतं.

निकाल आला तेव्हा डॉक्टर नेहमीसारख्या हसल्या नाहीत.

"बाई, एक नाही, तीन गाठी काळ्या दिसतायत. मेलेनिन म्हणून. प्रमाणही बरंच आहे." त्यांनी पडद्यावरचे तीन तपकिरी डाग दाखवले. "खरं सांगू? मला हे पटत नाही. इतका पातळ ठिपका एवढा पसरत नाही सहसा. पण यंत्र शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर येतं, आणि तीन गाठी काळ्या असल्या की नियम ठरलेला आहे. जांघेतल्या सगळ्याच गाठी काढाव्या लागतील. येत्या गुरुवारी."

"मग पळता यील?" बाईंनी विचारलं.

डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "पाय सुजेल. बऱ्याच जणांचा कायमचा सुजतो. दाब देणारा मोजा घालून चालता येईल. पळायचं मात्र विसरा." मग स्वतःशीच बोलल्यासारख्या त्या म्हणाल्या, "एवढ्या काळ्या गाठी मी एरवी टॅटूवाल्यांच्यात बघितल्यात. शाई झिरपत जाऊन गाठीत बसते. पण तुम्हाला तर टॅटू नाहीच."

वैजयंताबाईंना ती दोन अक्षरं आठवली, आणि त्याच क्षणी आत कुठेतरी एवढी मोठी आशा उसळली की त्यांना टेबलाची कड धरावी लागली. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. हणमंतराव पडद्यावरच्या तीन डागांकडे टक लावून बसले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. या माणसापुढे, या घटकेला, दुसऱ्या कुणाचं नाव काढायचं? गुरुवार ठरला.

पुढचे दोन दिवस त्यांना स्वतःचीच चीड आली. साऱ्या घरात त्या एकट्यांना ठाऊक होतं की कदाचित आपल्याला काहीच झालेलं नाही, आणि बाकी सगळे त्यांना बघून डोळे पुसत होते. लेकीनं पुण्याहून सुट्टी टाकली. मैदानावरच्या पोरींनी कार्ड करून पाठवलं. हणमंतरावांनी तर पलंग वरच्या खोलीतून खाली आणला. तोंड उघडलं तर पाय वाचेल. पण बेचाळीस वर्षं ज्या माणसानं स्वतःला दोष दिला, त्याला सांगायचं काय, की तू उगाचच दोष घेत बसलास? आणि त्याहून वाईट म्हणजे, तुझ्या घरात मी पाऊल ठेवलं ते दुसऱ्याचं नाव पायावर घेऊन?

मंगळवारी दुपारी "देवळात जाऊन येते" म्हणून त्या निघाल्या आणि थेट डॉक्टरांपुढे जाऊन बसल्या.

सगळं ऐकून डॉ. ओजस्वी उठून उभ्याच राहिल्या. "बाई! अहो, हे आधी का नाही सांगितलंत?" मग बाईंचा चेहरा बघून पुन्हा खाली बसल्या. "गोंदणाची शाई म्हणजे काजळी, कार्बन. अंगाला ती परकी. शरीर ती उचलून गाठीत नेऊन टाकतं आणि ती तिथेच राहते, जन्मभर. कातडी जाळली तरी आत गेलेली परत येत नाही. यंत्राला शाईची ओळख आहे, पण अर्जात गोंदण 'आहे' म्हटलं तरच ती उघडते. नाहीतर काळं दिसलं की ते त्याला जवळच्या खणात टाकतं, मेलेनिनच्या. मेलेनिनचा आवाज लांब लहरींच्या प्रकाशाला कमी कमी होत जातो, काजळीचा सगळ्या प्रकाशांना जवळजवळ सारखा येतो. दहा मिनिटांत पुन्हा ऐकता येईल."

"मग ऐका की. आत्ताच."

"ऐकते. पण अर्ज बदलावा लागेल, आणि तुमच्या फायलीचे सोबती आहेत हणमंतराव." प्रत्येक रुग्णाला घरचं एक माणूस सोबती म्हणून नेमावं लागे, फायलीतला प्रत्येक बदल त्याच्या फोनवर जाई. माणूस एकटं पडू नये म्हणून केलेली सोय होती ती. "त्यांचं नाव काढता येतं. पण काढल्याचाही निरोप त्यांना जातो."

बाई खिन्नपणे हसल्या. जन्मभर शिकवलं ते हेच, की समोरच्याला हूल देऊन निसटायचं. इथे हूल द्यायला जागाच नव्हती.

"अर्धा दिवस थांबा," त्या म्हणाल्या. "फोननं कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे."

हणमंतराव गॅरेजमध्ये होते. दार अर्धं ओढलेलं. बाई आत जाऊन बघतात तर ते स्टुलावर बसून स्वतःचाच पाय समोरच्या खोक्यावर टाकून त्याला पट्टी गुंडाळत होते. शेजारी फोनवर सुजलेल्या पायाला पट्टी कशी बांधावी याचा व्हिडिओ चालू होता. पट्टी घोट्यापाशी सैल आणि गुडघ्यापाशी करकचून झाली होती, आणि ते पुन्हा सोडून पुन्हा बांधत होते.

"खालून घट्ट आन् वर सैल पायजे म्हणतोय," ते मान वर न करता म्हणाले. "गुरवारपतुर जमंल मला."

वैजयंताबाईंना रडूच कोसळलं. त्या तिथेच टायरच्या ढिगावर बसल्या आणि बोलल्या. जत्रा, दोन अक्षरं, बिब्बा, वीस दिवसांत झालेलं लग्न, सगळं. मध्ये थांबल्या असत्या तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "त्यो सायलेन्सर न्हवता," शेवटी त्या म्हणाल्या. "तुमची काईच चूक न्हवती."

हणमंतरावांनी पट्टीचं टोक खोचलं.

"मला म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"सायलेन्सर न्हवता ते. अगं, लुगडं नेसून तू गाडीवर कशी बसायचीस? दोन्ही पाय डावीकडं सोडून. सायलेन्सर असतोय उजवीकडं. मिस्त्री हाय मी, वैजू."

फोनवरचा व्हिडिओ अजून चालूच होता. हणमंतरावांनी तो बंद केला.

"पयल्या दिवसापास्नं?" बाईंनी विचारलं.

"पयल्या दिवसापास्नं. आईनं इच्यारलं तवा तुझा चेहरा असा झाल्ता की मी आपला व्हय म्हणून टाकलं."

"आन् इच्यारलं का न्हाई मला कधी?"

"इच्यारलं असतं तर तुला सांगाय लागलं असतं." त्यांनी फोन खिशात टाकला. "मला वाटलं, म्हायेरात डाग दिला आसंल. म्हणून तुझ्या आईशी माझं कधी जमलं न्हाई."

हे मात्र बाईंना ठाऊक होतं. सासू जावयाला ताट वाढायची आणि जावई "पोट भरलंय" म्हणून उठायचा. आई जाईपर्यंत ते तसंच चाललं. सगळे म्हणायचे, हणमंताचा मान राखला गेला नसेल कुठेतरी. रडता रडता बाईंना एकदम संताप आला. "मग पंगती-पंगतीत ती गोष्ट कशाला सांगत फिरायचा वं? दरवेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं!"

"आता सांगायचीच म्हटल्यावर जरा रंगवून सांगाय नको?"

त्यावर बाई हसल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतलं पाणी कशाचं ते त्यांनाच कळेना. छातीवरचं ओझं बेचाळीस वर्षांनी उतरलं होतं. हणमंतरावही हसत होते, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "म्हंजे, त्या गाठीत शाई हाय म्हणतीस? नुसती शाई? मग ऊठ की! हितं कशापायी बसलीस?" पायाची पट्टी तशीच ठेवून ते गाडीची किल्ली शोधायला लागले.

त्याच संध्याकाळी कानोसा पुन्हा लागला. या वेळी चौदाव्या प्रश्नापुढे खूण बदललेली होती. एकेक चमक सुटत गेली आणि तिन्ही गाठींनी प्रत्येकीला जवळजवळ सारखीच ओ दिली. पडद्यावरचे तपकिरी डाग एकामागून एक करडे झाले. डॉ. ओजस्वींनी तोंडावर हात ठेवला आणि मग दोन्ही हात उंचावून लहान पोरीसारखी उडी मारली.

"तरी पहिली गाठ मी काढणारच," शांत झाल्यावर त्या म्हणाल्या. "शाईच्या आड एखादी पेशी लपली तर यंत्राला ऐकू येणार नाही. एवढीशी चीर. बाकीच्यांना हात लावायचा नाही."

गुरुवारी तळव्यावरचा ठिपका निघाला, मांडीची पातळ कातडी तिथे बसवली गेली, आणि जांघेतून एक गाठ निघाली. निकालाला दहा दिवस लागले. ते दहा दिवस कसे गेले ते विचारू नये. हणमंतरावांनी एका गाडीचं तेच चाक तीनदा खोललं.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. "शाई," त्या म्हणाल्या. "सूक्ष्मदर्शकाखाली गाठ भरून शाई आहे. कर्करोगाची एकही पेशी नाही. तळव्यावरचाही पुरता निघालाय. दोन महिन्यांनी मैदानावर जा, बाई. बूट घालून."

वैजयंताबाईंनी डोळे मिटून घेतले. पाय आपला होता, सकाळ आपली होती, पोरी आपल्या होत्या. एवढं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"एक विचारायचंय," डॉक्टर म्हणाल्या. "उरलेल्या दोन गाठींत शाई तशीच आहे. ती काही करत नाही. पण दरवर्षी कानोसा घेताना आडवी येईल, मला जास्त वेळ ऐकत बसावं लागेल. हवं असेल तर त्याही काढून टाकता येतील. दोन गाठींनी पाय सुजत नाही. मग काहीच उरणार नाही. काय करू या?"

बाईंनी चटकन 'काढा' म्हणायला तोंड उघडलं. नवऱ्यासमोर दुसरं काय म्हणणार? सगळं साफ होऊन जाईल, पुन्हा विषय नको. पण हणमंतराव आधी बोलले.

"तिला त्रास न्हाई न्हवं त्याचा?"

"नाही."

"मग राहू द्या," ते म्हणाले. "तिच्या आईनं जाळूनसुदिक गेलं न्हाई ते. वीस वर्षांची पोर हुती ती, डॉक्टरीणबाई. तिला कुणीतरी आवडलं हुतं. त्यात काढून टाकण्यासारखं काय हाय?"

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. त्या वीस वर्षांच्या पोरीची बाजू आजवर कुणी घेतली नव्हती. खुद्द त्यांनीही नाही. त्यांनी नवऱ्याचा ग्रीसनं काळा पडलेला हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि मान हलवली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या.